हणमंता, हवा शिल्लक होती

हणमंता, रेग्युलेटर चांगला होता. हे सगळ्यात आधी तुलाच सांगतोय, कारण त्याच्यावरून सहा महिने तूच माझ्याशी भांडलास. तुला नदीतून वर काढल्यापासून पलूसपासून इस्लामपूरपर्यंत जो भेटतो तो हेच म्हणतो, की सुभाषनं हट्टानं आणलेल्या त्या फॉरेनच्या हवेच्या मशिनीनं हणमंतचा घात केला. मला तोंडावर कोणी म्हणत नाही, पण मी आलो की बोलणं थांबतं. आणि खरं सांगायचं तर पाच आठवडे मीही तेच धरून बसलो होतो.

गेल्या आठवड्यात पोलिसांनी तुझं सामान परत दिलं. अपघाती मृत्यू लिहून त्यांचं काम संपलं होतं, माझं संपलं नव्हतं. रेग्युलेटर टॉवेलात गुंडाळला आणि जिथून घेतला होता त्या पुण्याच्या दुकानात नेला. तिथल्या मेकॅनिकनं माझ्यासमोर तो खोलला. आत काय निघालं ते तुला सांगणारच आहे. ते कळल्यापासून मी एकाच गोष्टीत अडकलो होतो, की शालन वहिनींना हे सांगायचं की गिळून टाकायचं. न सांगावं तर आपली माणसं पुढच्या वर्षी पुन्हा तेच करतील आणि आणखी एक जण जाईल. सांगावं तर वहिनी कशा जगतील? असल्या वेळी मी तुला फोन करायचो.

तुझा नंबर अजून तसाच आहे. तू नेव्हीतून सुटून आलास तेव्हा तुला वाटलं होतं, आता ऊस आणि चार म्हशी, पाण्याशी संबंध संपला. मग तो पूर आला आणि तुला कळलं की आपल्याकडं बुडालेल्या माणसाला शोधायला गळ टाकण्यापलीकडं कोणाला काही येत नाही. तू माझ्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात येऊन स्टुलावर बसलास आणि म्हणालास, "सुभ्या, तुला दोर धरता येतोय का?" मला वाटलं म्हैस बांधायची आहे. तेव्हापासून तू खाली आणि मी काठावर. किरण नंतर आला, तुझ्याकडूनच शिकला, आणि तू पाण्यात असलास की तो सगळा सरंजाम अंगावर चढवून काठावर तयार बसायचा.

आपली चैन म्हणजे ती एकच. कुठल्याशा मंडळानं गणपतीतला डामडौल कमी करून आपल्याला दोन नवे रेग्युलेटर घ्यायचं कबूल केलं, आणि आपण दोघं लग्नाच्या याद्या करायला बसावं तसे बसलो. सिलिंडरात हवा इतक्या दाबानं भरलेली असते की थेट घेतली तर फुप्फुस फाटेल. ती हवी तेवढीच, हवी तेव्हाच तोंडाशी आणून देणारं हे यंत्र, त्यामुळे निवड हलक्यात घेण्यासारखी नव्हतीच. तुला हवा होता तो पिस्टनचा. भाग थोडे, नेव्हीत हाताखालून गेलेला, हवा सढळ. "चुलीम्होरं बसून खोलतो आन् जोडतो मी त्यो," असं तू दर फोनला म्हणायचास. मला हवा होता तो डायफ्रामचा, ज्याची आतली स्प्रिंग रबराच्या पडद्यामागं पॅकबंद असते. त्यात गाळ जात नाही. आणि आपली नदी म्हणजे काही गोव्याचा समुद्र नव्हे. जूनपासून दिवाळीपर्यंत तिच्यात हात घातला तर मनगट दिसत नाही.

आपण पुण्याला जाऊन दोन्ही वापरून बघितले, आठवतं? पोहण्याच्या तलावात तू एक-एक करून दोन्ही तोंडात धरलेस आणि तळाशी मांडी घालून बसलास. वर आलास तेव्हा तुझं मत होतं तेच. परतीला शिरवळला चहाला थांबलो, तिथंही तोच वाद. शेवटी तू हॉटेलवाल्यालाच मध्ये घेतलंस. "मालक, मला सांगा, पंक्चर काढायला सोपं चाक घेशिला, का पंक्चरच व्हत न्हाई असलं चाक घेशिला?" तो भजी तळता तळता म्हणाला, "पंक्चर व्हत न्हाई असलं चाक आसतंय व्हय?" तू टेबलावर हात आपटून हसलास. साताऱ्याचा टोलनाका येईपर्यंत हसत होतास, आणि मी गाडी चालवत गप्प होतो. मला हरलेलं चालत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

मग तुला धोम धरणात जावं लागलं. वाईच्या लोकांनी बोलावलं होतं. तळाच्या चिखलात तुझ्या जुन्या रेग्युलेटरच्या आत गाळ बसला आणि हवा भसाभसा सुटायला लागली. तू वर आलास, ओठ पांढरे पडले होते.  दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केलास. "घे बाबा तुजं ते पॅकबंद. पर लय मिरवू नगंस." मी मिरवलो. दोन्ही रेग्युलेटर आल्यावर महिनाभर भेटेल त्याला दाखवत फिरलो. तू ऐकलंस, याचा मला किती आनंद झाला होता हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या जिवाच्या बाबतीत तू माझं ऐकलंस, हे मला माझ्या दुकानापेक्षा मोठं वाटलं होतं.

मिरवण्याचीच गोष्ट पुढं आहे. खंडेनवमीला तुझ्या अंगणात घोंगडं पसरलं होतं. त्याच्यावर सिलिंडर, दोर, बोटीचं इंजिन, पायातले पंखे, आणि मधोमध ते दोन रेग्युलेटर. नांगर, कोयते पुजतात तशी आपण आपली हत्यारं पुजायचो, तुझाच तो आग्रह. मी त्यावर तुला टोमणे मारायचो आणि नंतर प्रसादाचा शिरा दोनदा घ्यायचो. त्या सकाळी शेजारपाजारची माणसं जमली होती. मी एक रेग्युलेटर उचलला, सिलिंडरला जोडायच्या तोंडावरचं रबराचं टोपण काढलं आणि आतली छोटी गोल पितळी जाळी दाखवत व्याख्यान दिलं. हवा इथून आत जाते, ही जाळी कचरा अडवते, पुढं हे पॅकबंद. मग कोणीतरी शिरा आणला आणि मी रेग्युलेटर तसाच घोंगड्यावर ठेवला. टोपण लोंबकळत राहिलं.

वहिनी ताट घेऊन आल्या. हळदीत एक बोट, कुंकवात एक बोट, मग ओल्या हातानं प्रत्येक वस्तूला. सिलिंडरला लावलं, इंजिनाला लावलं. आणि त्या रेग्युलेटरला, मी उघडी टाकलेली ती गोल जागा बघून, बरोबर तिथं. कपाळ असावं तशीच जागा होती ती, कोणाचाही हात तिथंच गेला असता. वरून फुलानं पाणी शिंपडलं. मी बघितलं नाही. मी शिरा खात होतो.

पुण्याच्या मेकॅनिकनं चिमट्यानं ती जाळी बाहेर काढली आणि पांढऱ्या कागदावर ठेवली. म्हणाला, "जाळी हिरवी असली तर पाणी शिरलेलं असतं. काळी असली तर कॉम्प्रेसरचं तेल. अशी लाल-पिवळी मी पहिल्यांदा बघतोय. गंज असावा." मी बोटानं घासून बघितलं आणि बोट नाकाशी नेलं. लहानपणापासून ज्याचा वास नाकात आहे ते मला ओळखू येणार नाही का? पण मी म्हणालो, "असेल गंजच." त्यानं सांगितलं, की भोकं लिंपून घट्ट झालीत. काठावर दोन-चार श्वास घ्यायला पुरेल एवढी हवा येत असणार. खाली, दाबात, जोर लावून काम करताना माणसाला तिप्पट हवा लागते, तेव्हा ती येत नाही. आमच्या शेतकऱ्यांच्या मोटारीची जाळी तुंबली की मोटार फिरते आणि पाणी येत नाही, तसंच. मी विचारलं, पिस्टनचा असता तर? तो म्हणाला, "कुठलाही असता तरी हेच. ही जाळी सगळ्यांनाच असते." मग भिंग लावून म्हणाला, "वरून कोणीतरी ब्रश मारलाय. त्यानं ते आणखी आत बसलंय."

म्हणजे आपण सहा महिने ज्याच्यावरून भांडलो, त्याचा तुझ्या मरणाशी काही संबंधच नव्हता. बाहेरून गाळ येऊ नये म्हणून मी रबराचा पडदा शोधत बसलो होतो. ब्रशचं मला काही कळलं नाही. वाटलं, किरणनं नेहमीसारखं सामान धुताना मारला असेल.

तो दिवस तुला सांगायला नको, पण मला माझी बाजू सांगू दे. नदीकाठच्या मोटारीचा पाईप सरकवायला उतरलेला एक शेतकरी डोहात गेला होता. त्याची बायको आणि आई काठावर बसून होत्या. तू तयार झालास. आपली पद्धत अशी, की तू तोंडात धरून जोरात श्वास घ्यायचास आणि मी सिलिंडरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा बघायचो, काटा हलला तर पाण्यात जायचं नाही. तू मला हेच शिकवलं होतंस. जरा शंका आली की पाणी बंद, आणि शेवटचा शब्द काठावरच्याचा. तुला एकदा सर्दी होती म्हणून मी सोडलं नव्हतं तर तू जीपमध्ये फुगून बसलास, पण उतरला नाहीस. त्या दिवशी मी दोराची गाठ मारत होतो. तू माझ्याकडं पाठ करून दोन श्वास घेतलेस आणि म्हणालास, "बघितलं मी. झालं." मी म्हटलं बरं.

तू त्या माणसाला शोधलंस. त्याला दोर बांधलास, खूण केलीस, आम्ही त्याला वर घेतलं. मग तुझ्या दोराला तीन हिसके आले, लगोलग. वर घे. आम्ही ओढलं आणि दोर आला नाही. पाण्याखाली पडलेल्या बाभळीत तू अडकला होतास. किरण उडी टाकून गेला. त्याला तू सापडेपर्यंत जेवढा वेळ गेला तेवढा वेळ मी दोर ओढत होतो, आणि तळहाताची सालटी निघालेली मला संध्याकाळी दिसली. तुला वर आणलं तेव्हा तोंडातलं निघालेलं होतं. सिलिंडरात निम्म्याहून जास्त हवा शिल्लक होती. त्या शेतकऱ्याच्या आईनं तुझ्या पायावर डोकं ठेवलं आणि मी तिला ढकललं. तिची अजून माफी मागितलेली नाही.

आता माझ्या तोंडाबद्दल. मी फाटक्या तोंडाचा आहे, हे तू हसत सांगायचास. किरणनं पंखे उन्हात ठेवले म्हणून मी त्याला चार माणसांत इतकं बोललो की तो पंधरा दिवस आला नाही. आणि तो रबरी सूट. वहिनींनी तो धुण्याच्या पावडरीनं धुऊन काटेरी तारेवर वाळत घातला होता. तुझ्याच अंगणात उभं राहून मी त्यांना म्हणालो, की नवऱ्याचा जीव घ्यायचाय का तुम्हाला. शेजारच्या बायका बघत होत्या. वहिनी आत गेल्या. तू तेव्हा गप्प राहिलास. मला सोडायला रस्त्यापर्यंत आलास आणि गाडीच्या काचेत वाकून म्हणालास, "सुभ्या, माज्या बायकुला परत आसं बोलू नगंस." मी हसण्यावारी नेलं. तुझी माफी मागायची राहिली, आणि त्यांचीही.

चार दिवस विचार करून मी ठरवलं, की खोटं बोलायचं. गाव म्हणतंय तेच खरं मानायचं. माझी निवड चुकली, तू म्हणत होतास तो पिस्टनचा घेतला असता तर तू वाचला असतास. वहिनींनी मला शिव्या घातल्या तर घालू दे, निदान स्वतःला तरी घालणार नाहीत. आणि किरणला म्हणायचं, इथून पुढं यंत्रांची पूजा बंद, मला पटत नाही. माझ्या तिरसटपणाला कोणी कारण विचारत नाही.

काल सकाळी गेलो. वहिनी गोठ्यात शेण भरत होत्या. त्यांच्या कपाळाकडं मला बघवेना, म्हणून मी म्हशीकडं बघून सगळं बोललो. मेकॅनिकनं सांगितलं, मॉडेलच आपल्या पाण्याला चालणारं नव्हतं, दोष माझा आहे. पाठ केलं होतं तसं म्हणून दाखवलं. वहिनींनी पाटी खाली ठेवली, हात धुतले आणि म्हणाल्या, "आवं भावजी, खोटं कशापायी बोलताय?"

मी म्हटलं, खोटं नाही.

"कुकू व्हतं न्हवं जाळीत? म्याच लावल्यालं."

 त्या गोठ्याच्या उंबऱ्यावर बसल्या. म्हणाल्या, "खंडेनवमीच्या दुसऱ्या दिशी त्यांनी बगितलं. मला हाक मारली, म्हनले, शालन, हितं न्हाई लावायचं आसतं. लय घाबरले बगा मी. त्यांनी जुना टूथब्रश मागितला, घासलं, फुकून बगितलं. म्हनले, निगालं की सगळं. मी म्हनलं, भावजींस्नी फोन करून इचारा तरी एकदा. तर म्हनले, नगं. सुभ्या तुला बोलंल. त्यो सूट धुतला तवाबी बोलला व्हता, मला न्हाई खपत. ह्यातलं त्येला कायबी सांगू नगंस."

मग त्या माझ्याकडं सरळ बघत म्हणाल्या, "पाच आठवडं झालं, रोज वाट बगतीया. भावजी आज येत्याल, आज येत्याल, आन् मला बोलत्याल. बोला की आता."

हणमंता, मी बोललो नाही.  टोपण मी उघडं टाकलं होतं, एवढंच सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि मान हलवली. माझ्यावर काही टाकलं नाही, स्वतःवरचंही काही उतरवलं नाही. दुपारी किरण आणि बाकीचे आले तेव्हा त्याच उठल्या, दुसरा रेग्युलेटर आणवला, टोपण काढून ती जाळी प्रत्येकाला दाखवली आणि काय झालं ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं. "पूजा करायची, पर टोपन लावून," एवढं म्हणून त्या आत गेल्या. पोरांनी तो रेग्युलेटर पुन्हा वापरायला घेतलाय. मी कोपऱ्यात उभा होतो.

आता माझं आणि तुझं. मला तुझा राग आलाय, आणि तो कुठं ठेवू ते कळत नाही. नेव्हीतला माणूस तू. मला शंका आली की पाणी बंद म्हणून शिकवणारा. तुला शंका आली होती, म्हणूनच तर पाठ फिरवून श्वास घेतलास. दुसरा रेग्युलेटर किरणच्या पाठीवर होता, तो मागितला असतास तर मी का म्हणून विचारलं असतं, म्हणून तोही मागितला नाहीस. माझ्या तोंडापासून बायकोला वाचवायला म्हणून तू ते घेऊन त्या डोहात उतरलास. माझ्या भीतीनं. तुझ्यासारखा माणूस, ज्याला चाळीस फूट खालच्या अंधाराची भीती वाटत नव्हती, त्यानं माझ्या बोलण्याची भीती धरली.

तुझा अंदाज चुकीचा नव्हता, हेही कबूल करतो. तू सांगितलं असतंस तर मी ओरडलोच असतो. त्या दोन बायका बसल्या होत्या त्यांच्यादेखत ओरडलो असतो. तिथून तुझ्या घरी जाऊन वहिनींना दारात उभं करून नको नको ते बोललो असतो, त्या रडल्या असत्या, तू माझी गचांडी धरली असतीस आणि आपली दोस्ती कदाचित तिथंच संपली असती. पण मी तुला पाण्यात सोडलं नसतं.